सोप्यातला देव

"आये, परत म्हण बघू. लोकं देवाला कुणाच्या परवानगीनं येत्यात?"

ज्ञानूनं रोपाची पेंडी चिखलात आपटली. बयाबाई वाकली होती ती वाकलेलीच राहिली. डोक्यावर इरलं, इरल्यावरनं निथळणारं पाणी आणि पायाखाली पोटरीभर चिखल. गगनबावड्याकडचा पाऊस तो, लावण उरकेस्तोवर उसंत देईल तर शपथ.

"आमच्या," ती म्हणाली.

"नुसतं आमच्या न्हवं. 'देव आमच्या घरचा हाय, लोकं आमच्या परवानगीनं येत्यात.' वकिलानं सांगितलंय तस्संच."

"लोकं आमच्या परवानगीनं येत्यात," म्हणत तिनं चार काड्या चिखलात खोवल्या.

बांधापलीकडनं पिराजी ओरडला, "ज्ञानबा, पोपट पाळलायस की रं! उद्या सायबाम्होरं शीळ घातली म्हंजे झालं!"

"हस मर्दा. तुजं घर जायाला लागलं असतं म्हंजे कळलं असतं."

ज्ञानूचं म्हणणं काही उगीच नव्हतं. त्यांच्या घराचा पुढचा सोपा म्हणजेच गावाचं विठ्ठलाचं देऊळ. बयाबाईच्या सासऱ्यानं तिथं विठ्ठल-रखुमाई बसवली आणि तिचा नवरा गणपती मरेपर्यंत तिथंच कीर्तनाला उभा राहिला. हातात चिपळ्या घेऊन तो बोलायला लागला की सोपा भरायचा, अंगण भरायचं, उरलेली माणसं वळचणीला अंग चोरून उभी राहायची. भिजायची, पण उठून जायची नाहीत. आता गावातल्या सयाजीनं कमिटी केली होती आणि कोल्हापूरच्या धर्मादाय कचेरीत अर्ज टाकला होता, की हे देऊळ सार्वजनिक आहे, त्याचा ट्रस्ट नोंदवून घ्या. नोंद झाली की सभामंडपाला सरकारी निधी येणार होता. पण नोंद झाली की सोपा ह्यांचा राहणार नव्हता, आणि चुलीकडं जायची वाट तर सोप्यातनंच होती.

सयाजी वाईट माणूस नव्हे. गणपतीच्या मागं मृदंगाला जन्मभर तोच बसलेला. "काकू," तो दारात येऊन सांगून गेला होता, "देवाला मांडव नको व्हय? माणसांनी किती दीस वळचणीला भिजत कीर्तान ऐकायचं?"



दुसऱ्या दिवशी कचेरीत तिला उभं केलं. साहेब तरणा होता, गोड बोलणारा.

"आजी, गावातली माणसं दर्शनाला येताना तुम्हाला विचारून येतात का?"

ज्ञानू बाकावर पुढं सरकला. पढवलेलं वाक्य बयाबाईच्या जिभेवर आलं आणि तिथंच थबकलं. गणपती कीर्तनात म्हणायचा, देवाला ज्यानं 'माझा' म्हटलं त्याच्या घरातनं देव उठून जातो. हे बोलताना तो तिच्याकडं बघायचाच नाही, पण तिला मात्र वाटायचं की आपल्यालाच सांगतोय.

"मला कशापायी इचारतील, सायेब? देव का माजा हाय?"

"कधी कुणाला अडवलंत?"

"देवाच्या दारात आडवणारी मी कोन? आमच्या दाराला कडीच न्हाय."

साहेबानं लिहून घेतलं. वकिलानं पेनाला टोपण लावलं. जिंकलेला सयाजी खाली बघत बसला.

एस. टी. स्टँडवर ज्ञानूनं तिला चहा आणून दिला. मग म्हणाला, "एवढं पढवलं हुतं की गं, आये."

"व्हय."

"मग?"

"तोंडातनं भाईरच पडंना."

"आता घर पडलं न्हवं भाईर!"

ती चहा पीत राहिली. तो गरम होता का गार, हेही तिला कळलं नाही.

निकाल भाताची मळणी झाल्यावर आला. देऊळ सार्वजनिक ठरलं. सोपा आणि अंगण देवाचं, मागच्या खोल्या ह्यांच्या. ज्ञानूनं खळ्यावर येऊन सांगितलं तेव्हा ती सुपानं भात वारवत होती. "बरं," म्हणाली आणि वारवत राहिली. कमिटीनं सोप्याला लोखंडी दार बसवलं, उघडायच्या-लावायच्या वेळा पाटीवर रंगवल्या. सोप्यातनं आत यायची वाट विटांनी बुजली. ज्ञानूनं पहारीनं मागची भिंत फोडून गोठ्याकडं दार काढलं. आता तरी रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. मग तिनं मातीचा ढीग झाडून काढला.

माघी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला, काल्याचं कीर्तन होतं. बयाबाईनं नैवेद्याला नव्या तांदळाच्या भाकऱ्या आणि पावट्याची उसळ केली, ताट पदराखाली झाकलं, गोठ्यातनं निघून सगळ्या बोळातनं वळसा घालून ती पुढच्या दाराला आली आणि रांगेत उभी राहिली.

दारात कमिटीनं नेमलेला पुजारी होता, गुंडू. तो घुटमळला. "बयाक्का, भाईरचं शिजवल्यालं आत घ्यायचं न्हाय. कमिटीचा ठराव हाय. नारळ, साखर चालंल."

"भाईरचं?"

"मी तरी काय करू, आक्का?" तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"सरका की म्हातारे, लाईन थांबलीया!" मागनं कुणी पाव्हणी ओरडली.

ती सरकली. कमिटीनं अंगणात घातलेल्या नव्या मांडवाच्या टोकाला एक दगड होता, त्यावर ताट मांडीवर घेऊन बसली. आत बुवांनी चाल धरली. सयाजीचा मृदंग असा घुमला की मांडवभर माणसं डोलायला लागली. बयाबाईचे हात आपोआप टाळीला लागले. राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती टाळी चालू होती.

निकालापासनं पुढच्या अंगणात पाऊल न टाकलेला ज्ञानू बोळातनं तिला हुडकत आला. त्यानं ताट बघितलं.

"घेतलं न्हाय?"

"न्हाय."

तो शेजारी मातीत बसला. तिच्या मांडीवरचं ताट ओढून घेतलं, भाकरी मोडली, उसळीत बुडवून घास तोंडात घातला.

"मीठ कमी पडलंय, आये."

"आसंल," टाळी न मोडता ती म्हणाली. "देवाचं चाखून बघत न्हाईत."