ओझोनचा वास

पहिला घाव दारावर पडला तेव्हा शुभदा ओझोनच्या खोलीत एकटीच होती. दुसऱ्या घावाला कडी निखळली आणि गुणाजी आत आला, हातात होडीचं वल्हं. मागे कोळीवाड्यातली माणसं, कोयते, पहारी.

"ह्योच तो वास," गुणाजी म्हणाला.

डोंबिवलीच्या खाडीलगतच्या त्या औषध कारखान्याचं सांडपाणी खाडीत जायचं, आणि त्यासोबत उरलंसुरलं अँटिबायोटिकही; त्यात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जात. ब्याण्णव साली शुभदाने मालकाच्या मागे लागून हे यंत्र बसवून घेतलं. काचेच्या नळ्यांत विजेने ओझोन तयार व्हायचा, तो पाण्यात सोडला की औषध मोडून जायचं. प्रयोगशाळेतले जंतू आधी त्या पाण्याच्या थेंबाने मरत, आता खुशाल वाढत. म्हणजे पाण्यात औषध उरलेलं नाही, हे बघून तिच्या जिवात जीव येई. तिची सव्वा वर्षाची छकुली दिवसभर खाडीकाठी, गुणाजीच्या आईपाशी, आवडाबाईपाशी असायची.

पण ओझोन छातीला बरा नव्हे. म्हणून तिने आवडाबाईला बजावलं होतं, "मावशी, कारखान्याकडून उग्र वास आला, की पोरीला घरात घ्या. दार लावा." पाण्याविषयी चकार शब्द काढला नव्हता; बाहेर बोलायचं नाही, अशी मालकाची तंबीच होती. मग परवा भरतीबरोबर मेलेली मासळी काठाला लागली, आणि कोळीवाड्याने वासाची नि मासळीची सांगड घातली.

"गुणाजी, हे यंत्र पाणी साफ करतं रे. ऐक माझं."

"साफ करतं? मंग तुझी पोर दाराआड कशाला? आमचीच तेवढी मराला मोकली?"

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. तेवढ्यात गुणाजीच्या मागून आलेल्या धाकूने नळ्यांवर पहार उगारली. नळ्यांत हजारो व्होल्ट खेळत होते. शुभदा भिंतीवरच्या खटक्याकडे झेपावली. ती पहारेकऱ्यांना बोलवायची घंटा वाजवतेय असं वाटून धाकूने पहार तिच्याच मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिने आधी ऐकला, कळ नंतर आली. डाव्या हाताने तिने खटका खाली ओढला. यंत्राची घरघर थांबली.

धाकू वाचला, हे धाकूला कळलंच नाही. त्याने नळ्या फोडल्या, बाकीच्यांनी पाइप उखडले. काचा उडून कुणाचा गाल चिरला, कुणाचा पाय. मग लाठ्या घेऊन पहारेकरी घुसले. गुणाजी खाली पडला, तरी त्याला मारतच राहिले. दात फरशीवर घरंगळले.

"पडलाय तो. पुरे करा," शुभदा ओरडत राहिली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मालक दारात आला. काचांचा खच बघून त्याचा चेहरा जरा सैलावलाच. "बाई, आता परत नाही बसवायचं हे. लोकांनाच नको झालंय."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय? ते जाणारच."

पदरात हात गुंडाळून शुभदा कोळीवाड्याकडे धावत सुटली. आवडाबाईचं दार सताड उघडं होतं. म्हातारी काठावर जाळं सांधत बसली होती. गुणाजीचं काय झालं, ते तिच्यापर्यंत अजून आलं नव्हतं.

"बाय, वास गेला बघ," ती हसून म्हणाली. "कवाची आत कोंडलेली पोर, आता सोडली मोकली."

कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी छकुली फतकल मारून बसली होती, आणि ओल्या मुठी चोखत होती.