दोन कागद आणि एक किलो

कागद तुम्ही लिहिलेत, डॉक्टरसाहेब. दोन्ही तुमचेच, दोन्हींखाली सही तुमचीच. पहिल्यावर तुम्ही लिहिलंत, 'वजन कमी करण्यासाठी फळे भरपूर खावीत.' दुसऱ्यावर, अकरा आठवड्यांनी, 'वजन कमी करणाऱ्यांनी फळे टाळावीत. फळांत साखर असते.' मग पहिल्या कागदाच्या वेळी फळांत काय मीठ होतं? या दोन कागदांच्या कात्रीत सापडून एक माणूस सातव्या मजल्यावर दोराला लटकत राहिला, आणि तुम्हाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही.

हे विचारणारा मी कोण? मी एक जुना वजनकाटा आहे. ओतीव लोखंडाचा, कमरेएवढा उंच, वर ताटलीएवढी गोल तबकडी आणि तिच्यात एकच लाल सुई. दीडशे किलोपर्यंत सांगतो. त्यापुढचं मला विचारू नका.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीशेजारच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. मला शेवटचा हात लावला तो एका चष्मेवाल्या बाईने. तिच्याकडे पितळेची खरी वजनं होती. ती एकेक करून माझ्यावर ठेवायची, उतरवायची आणि माझ्या तबकडीमागचा एक छोटा स्क्रू केसभर फिरवायची. रिकामा असताना सुई बरोबर शून्यावर आली तेव्हा कुठे तिने मला सोडलं. न्यायला आलेल्या माणसाला ती म्हणाली, "याला महिन्यातून एकदा तरी शून्यावर आणत जा. नाहीतर हा खोटं बोलेल आणि त्याचं त्यालाही कळणार नाही."

तो माणूस "हो हो" म्हणाला. माणसं ज्या गोष्टी करणार नसतात त्यांना ती दोनदा हो म्हणतात.

पहिली नऊ वर्षं मी फळबाजारात काढली. पेट्याच्या पेट्या संत्री, सफरचंदं, द्राक्षं, केळी. घेणारा आणि विकणारा हमरीतुमरीवर आले की कुणीतरी ओरडायचं, "चला, काट्यावर!" आणि मी सांगितलं की दोघं गप्प. तेवढा मान मला पुन्हा कुठे मिळाला नाही. मग आकडे लाल दिव्यांनी दाखवणारे चपटे काटे आले आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. दोन वर्षं मी भिंत पाहिली. शेवटी उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या एका कंपनीने मला नेलं.

तिथलं काम सोपं, पण जिवावरचं. काचा पुसणारे गच्चीवरून दोर सोडतात आणि कमरेला पट्टा बांधून खाली उतरत जातात. दर सोमवारी सकाळी इमारतीच्या पायथ्याशी मला टेम्पोतून उतरवतात, आणि प्रत्येक जण पट्टा, बादली, रबरी पट्टी, सगळ्या सामानासकट माझ्यावर उभा राहतो. एकशे दहापर्यंत वर. त्याच्यापुढे खाली. दोराचं गणित आहे ते, त्यात गयावया चालत नाही.

वजन वाचतो तो मुकादम. त्याचा आवाज मोठा आणि काळीज लहान मुलाचं. आणि वजनाला सगळ्यात शेवटी येतो तो काचभाऊ.

काचभाऊ एकोणीस वर्षं दोरावर आहे. रुंद खांदे, जाड मनगटं, पोट थोडं पुढे. जमिनीवर तो बदकासारखा चालतो. एक गुडघा दुखरा आहे. पण दोरावर सोडला की असा सरकतो की खालून जाणारी माणसं थांबून बघतात. त्याचा जोडीदार हडकुळ्या नेहमी म्हणायचा, "भाऊ, तू खाली का येतोस रे? वरच एखादी खोली घे ना."

"घेतली असती," काचभाऊ म्हणायचा. "पण वहिनी तुझी पायऱ्या चढत नाही."

मजा होती, मित्रांनो. मग कंपनीने सगळ्यांची आरोग्य तपासणी केली, आणि तुमचा पहिला कागद आला. काचभाऊ तेव्हा माझ्यावर एकशे आठ भरायचा. दोनच किलोंचं अंतर उरलं होतं. त्याने तो कागद घडी घालून टोपीत ठेवला.

आता ऐका, साहेब. तुम्ही लिहिलंत, 'भरपूर'. किती ते लिहिलं नाहीत. कशी खायची ते लिहिलं नाहीत. कशाऐवजी खायची, हे तर नाहीच नाही. आणि दोरावर काम करणाऱ्यांचा एक नियम तुम्हाला माहीत असायला हवा होता: जे खाली पडू शकतं ते वर जात नाही. एकदा वरून संत्र्याची साल सुटली आणि खाली कुणाच्या तरी खांद्यावर बसली. लागलं नाही फार, पण ओरडा केवढा झाला! तेव्हापासून साल नाही, बी नाही, देठ नाही. वर जाते ती फक्त कमरेला दोरीने बांधलेली बाटली.

मग काचभाऊने भरपूर फळं कशी खाल्ली असतील? प्यायला. वहिनी रोज पहाटे पंधरा संत्री पिळायची. सव्वा लिटरची बाटली काठोकाठ. दुपारच्या विश्रांतीत खाली उतरून तो नेहमीचा डबा नेहमीसारखाच चाटूनपुसून खायचा, चहाबरोबर बिस्किटांचा पुडाही सुटला नाही. त्याच्यावरून हा रस. कागदात काही सोडायला सांगितलं नव्हतं. खायला सांगितलं होतं, तो खात होता. साखरेचा दाणा घालत नाही म्हणून वर छाती फुगवून सांगायचा.

मला घाम फुटता तर तेव्हाच फुटला असता. एकशे आठ. एकशे साडेआठ. एकशे नऊ. तो दर सोमवारी माझ्यावर अलगद चढायचा, जणू मी झोपलोय आणि मला जागं करायचं नाही. श्वास आत ओढून धरायचा. श्वास धरल्याने वजन घटत नाही, हे मला त्याला सांगता आलं असतं तर! अकराव्या सोमवारी सुई एकशे अकरावर गेली.

मुकादमाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "भाऊ, आज खाली बादल्या भर."

"एवढी फळं खाऊन?" काचभाऊला आधी खरंच वाटेना. "काटा नीट बघा की."

"काटा कशाला खोटं बोलेल?" मुकादम म्हणाला. "पुढच्या सोमवारी एकशे दहात बस. नाही बसलास तर मला तुझ्या जागी दुसरा माणूस द्यावा लागेल. कायमचा."

त्याच आठवड्यात तुमचा दुसरा कागद आला. काचभाऊने तो टोपीतल्या पहिल्याशेजारी ठेवला आणि फळं बंद केली. सगळी. वहिनीने केळं पुढे केलं तर म्हणाला, "विष दे एकवेळ." भूक लागली की बिस्किटं खायचा, कारण बिस्किटांबद्दल तुमच्या कागदात अवाक्षर नव्हतं. पण भीती खाण्यापेक्षा मोठी झाली. शनिवारपासून त्याने जेवण सोडलं. रविवारी दुपारपासून पाणीही. हे मला नंतर कळलं. सोमवारी मला एवढंच कळलं की त्याचे तळपाय थरथरताहेत.

सुई एकशे दहावर थांबली. बरोबर रेघेवर.

"बसला!" हडकुळ्या ओरडला. मुकादमाने वहीत खूण केली. काचभाऊ हसला, पण ओठ कोरडे होते, एकमेकांना चिकटून सुटले. आणि तो वर गेला.

मी खाली उभा होतो, तबकडी आकाशाकडे. मी सगळं पाहिलं. नववा मजला त्याने पुसला. आठवा पुसला. सातव्यावर त्याचा हात काचेवर फिरता फिरता थांबला. मग बादली तिरकी झाली आणि साबणाचं पाणी काचेवरून ओघळत खाली आलं. मग त्याची मान पुढे पडली.

"भाऊ! ए भाऊ!" शेजारच्या दोरावरून हडकुळ्या. "भाऊ, मस्करी करू नकोस!"

पट्ट्याने त्याला धरून ठेवलं होतं. पण कपडे वाळत घालावेत तसा तो लटकत होता. हडकुळ्याने झोका घेऊन त्याला गाठलं, एका हाताने त्याचा पट्टा आपल्या पट्ट्यात अडकवला आणि इंच इंच खाली आणलं. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला वजन मोजता येतं, वेळ नाही. टेम्पोच्या सावलीत त्याच्या तोंडावर पाणी मारलं तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "आता पुन्हा वजन नका करू. पाणी प्यायलोय मी."

हसू नका, मित्रांनो. मुकादम त्या वाक्यावर पाठ फिरवून रडला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. हातात दोन पिशव्या. कुणाला नमस्कार नाही, काही नाही, सरळ माझ्याकडे.

"कुठाय तो काटा? हाच का? या मुकादमभाऊ, इकडे या. आज मुद्दाम पिळून आणलंय." तिने एका पिशवीतून भरलेली बाटली काढली, दुसरी चोथ्याने आणि सालींनी गच्च होती. "पंधरा संत्री. रस त्यांना आणि हा सगळा चोथा बादलीत, अकरा आठवडे. सोलून एकेक खायला दिली असती तर चौथ्या संत्र्यालाच हात जोडले असते त्यांनी. दुपारचा डबा अर्धा परत आला असता. पण रस काय, गटागटा! पंधराच्या पंधरा पोटात, आणि पोट म्हणतंय, जेवायला काय आहे? मला आधी का नाही कळलं हे? माझ्याच हातांनी पिळत होते मी!"

ती बाटली माझ्यावर ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

"अहो मुकादमभाऊ."

"काय झालं?"

"याच्यावर काही नाहीये ना?"

"नाही."

"मग हा एक किलो कुणाचा दाखवतोय?"

मुकादम वाकला. हडकुळ्या वाकला. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती. एकावर होती.

टेम्पोत चढताना, टेम्पोतून उतरताना, कधी कोण जाणे, खड्ड्याखड्ड्यात हिसके बसून माझा स्क्रू ढिला झाला होता. चष्मेवाली बाई म्हणाली होती तसंच झालं. मी खोटं बोलत होतो आणि मला कळत नव्हतं. ज्या सोमवारी मी एकशे अकरा सांगितलं, त्या सोमवारी तो एकशे दहा होता. वर जायला पात्र होता. ज्या एका किलोसाठी तो उपाशी, तहानलेला दोरावर चढला, तो किलो त्याचा नव्हताच. माझा होता.

हे मी लपवत नाही. भर चौकात सांगतो. इतक्या वर्षांत माझ्या तबकडीमागचा स्क्रू कुणी एकदाही फिरवला नाही, तरी गुन्हा माझा. मुकादमाने त्याच दिवशी खरी वजनं आणवली, मला शून्यावर आणलं. आता दर सोमवारी तो आधी रिकामी सुई बघतो, मग माणूस. म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरात, दुकानात जो कुठला काटा असेल त्याला अधूनमधून विचारा, बाबा रे, रिकामा असताना तू काय दाखवतोस? त्याच्यावर पाय ठेवणारा माणूस त्याच्या शब्दावर जेवण सोडतो.

मी माझी चूक कबूल केली, साहेब. तुमचं काय?

मुकादमाने तुम्हाला पत्र लिहिलं. साधे प्रश्न होते. फळ चावून खाल्लं तर काय, पिऊन घेतलं तर काय? बिस्किटाच्या जागी खाल्लं तर काय, जेवणावर खाल्लं तर काय? पहिला कागद खरा की दुसरा? पाच आठवडे झाले, उत्तर नाही. कंपनीने मात्र कळवलंय: आज शेवटचं वजन. काचभाऊ एकशे दहाच्या आत भरला आणि चक्कर आली नाही, तर दोर. नाहीतर बादल्या, कायमच्या.

हे पाच आठवडे तो वहिनीच्या हुकमाखाली आहे. रस बंद. बिस्किटं बंद. त्यांच्या जागी अख्खं फळ, खाली बसून, चावून, वर जायचंच नसल्याने सालीची भीती नाही. डबा वेळेवर, पाणी पोटभर. तोंडावर रंग आलाय. पण मनातून कागद काही जात नाहीत. टोपीत अजून दोन्ही आहेत.

आज सोमवार. माझी सुई शून्यावर आहे, मुकादमाने दोनदा पाहिलंय. काचभाऊने पट्टा बांधलाय, बादली घेतलीय. दुसऱ्या हातात सफरचंद आहे, अर्धं खाल्लेलं. त्याने एक पाय माझ्यावर ठेवलाय, दुसरा अजून जमिनीवर आहे.

"टाक ते भाऊ," हडकुळ्या म्हणतो, "नाहीतर तेही मोजतील."

"पोटात गेलं तरी मोजतीलच की," काचभाऊ म्हणतो. आणि हसत नाही. सफरचंदाकडे बघतो. "काय रे, खाऊ का हे?"

हडकुळ्या मुकादमाकडे बघतो. मुकादम माझ्याकडे.

माझ्याकडे काय बघता? हातातलं सफरचंद आणि पोटातलं सफरचंद, मला दोन्ही सारखंच जड. पुढे त्याचं त्या माणसात काय होतं, ते कळायला मला डोकं दिलेलं नाही. तुम्हाला दिलंय. तुमची सही आहे.

दुसरा पाय अजून जमिनीवर आहे, साहेब. बोला. खाऊ दे का त्याला?