पाच जणींचा बाक

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा बाक आहे. जुना आहे, आणि खरं सांगायचं तर चिडका आहे. आता मी तुमच्या शाळेच्या ओसरीवर पडून असतो आणि तुम्ही माझ्यावर चाकूनं नावं कोरता. कोरा बापड्यांनो. माझा राग तुमच्यावर नाही.

ओबेड पाइक नावाच्या सुतारानं मला घडवलं. झाड त्याच्याच रानातलं. गावानं प्रार्थनाघर बांधलं तेव्हा त्यानं सगळे बाक करून दिले आणि मजुरी घेतली नाही. मग गावानं ठराव केला की, ओबेड आणि त्याची बायको दुसऱ्या रांगेत बसतील. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. बायकांच्या बाजूचा दुसरा बाक मी. पाच जणी आरामात मावायच्या, आणि कडेची जागा ओबेडच्या बायकोची, जेरुशाबाईंची. त्यांना वाचता येत नव्हतं आणि उजवा कान कामातून गेला होता. देवाचा शब्द त्यांना मिळायचा तो फक्त रविवारी, पाळकांच्या तोंडून, डाव्या कानानं. दुसऱ्या रांगेत तो नीट पोचायचा.

पुढे ओबेड वारला. जेरुशाबाईंकडे एक गाय आणि दगडांनी भरलेला जमिनीचा तुकडा उरला.

आमच्याकडे काही वर्षांनी जागांची यादी नव्यानं व्हायची. वय किती, गावाची सेवा किती आणि मुख्य म्हणजे मालमत्ता किती, हे पाहून पंच जागा ठरवायचे. देवाच्या दारी सगळे सारखे, असं पाळक आत सांगायचे आणि त्याच दाराला ही यादी खिळ्यानं ठोकलेली असायची. त्या वर्षी जेरुशाबाई शेवटच्या रांगेत गेल्या, जिन्याखाली. त्यांच्या जागी थर्लोबाई आल्या, आणि यादीत माझ्यावर चौघींचीच नावं राहिली. थर्लोंची जहाजं खारवलेले मासे घेऊन दक्षिणेच्या बेटांवर जायची आणि येताना काकवी आणायची. त्या काकवीची रम गाळून ते गबर झाले होते. बेटांवरचा ऊस चाबूक खात कोण तोडतं, हे पंचांनी विचारलं नाही.

पहिल्या रविवारी जेरुशाबाई आपल्या जुन्या जागीच बसल्या. त्यांना पाच शिलिंग दंड झाला. दुसऱ्या रविवारी त्या मागे बसल्या आणि त्यांना खोकल्याशिवाय काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या रविवारी त्या आल्या आणि माझ्या कडेला, वाटेत, उभ्या राहिल्या.

पंच टफ्ट उठून आले. "बाई, खाली बसा."

"कुठं?"

"यादीत लिहिलंय तिथं."

"तिथं ऐकू येत नाही."

"म्हणून काय मध्येच उभ्या राहणार?"

"दुसऱ्याच्या जागी बसायला दंड आहे, पंच. उभं राहायला किती, तेवढं सांगा."

टफ्टांनी यादी उलटीसुलटी करून पाहिली. उभं राहण्याबद्दल कुणी काही लिहिलंच नव्हतं.

तीन तासांचं प्रवचन, ऐन हिवाळा, आणि त्या दर रविवारी उभ्या राहिल्या. आत चूल नव्हती. बसलेल्या बायका पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवायच्या. थर्लोबाई शेजारणीला म्हणाल्या, "अशी डोक्यावर येऊन उभी राहते मेली. प्रवचनात लक्ष म्हणून लागत नाही."

ती शेजारीण म्हणजे सायलन्स डाऊ. त्यांनी आणि जेरुशाबाईंनी एकमेकींची बाळंतपणं केली होती. एकदा बाहेर पडताना सायलन्सबाई हळूच म्हणाल्या, "पाय दुखत असतील गं."

"पाय दोन आहेत," जेरुशाबाई म्हणाल्या. "कान तेवढा एकच आहे."

आता माझा राग ऐका. थर्लोबाईंचा घागरा एवढा घेरदार होता, की चौघींत मी भरलेला दिसायचो. पण मी पाच जणींचा बाक आहे हे त्या चौघींनाही ठाऊक होतं. सायलन्सबाईंनी वीतभर सरकायला कुठल्या ठरावाची गरज नव्हती. पण त्या मान खाली घालून हातमोज्यांशी चाळा करत बसल्या. मी करकरलो, कुरकुरलो. त्या म्हणाल्या, लाकूड थंडीनं आखडलंय.

अकराव्या रविवारी जेरुशाबाई आल्या नाहीत. छातीत कफ झाला होता. बुधवारी त्यांना पुरलं.

पुढच्या रविवारी सायलन्सबाई आल्या, बसल्या आणि सरकल्या. त्यांच्यामागे बाकीच्या सरकल्या. थर्लोबाईंनीही घागरा आवरून घेतला. कडेला एक जागा झाली, अगदी सहज झाली. तिथं कुणी बसलं नाही. त्या दिवशी मला आग लावली असती तरी मी आनंदानं जळलो असतो.

मित्रांनो, मला तेलपाणी करू नका, माझी मोडकी कड सांधू नका. शाळेत नव्यानं आलेली ती विणकराची मुलगी काल उभ्यानंच मक्याची भाकरी खात होती. तुम्ही चौघं माझ्यावर पाय पसरून बसला होता आणि चौघांनीही तिला पाहिलं होतं.

आज ती येईल. सरका.