तिसरा शेरा

कँटीनच्या खिडकीत पाण्याच्या बाटल्यांना टेकवून ओळीनं मोबाइल उभे असायचे आणि प्रत्येकात तेच सर तेच बोलत असायचे. दुप्पट वेगानं. सर मुळात सावकाश बोलणारे, पण दुप्पट वेगात ते मागे कुत्रं लागल्यासारखे बोलायचे. मधेच पडद्यावर चौकट यायची, 'आपण उपस्थित आहात का?' मग ज्याची पाळी असेल तो डाव्या हातात चहाचा कप सांभाळत, उजव्या हाताच्या बोटानं सगळ्यांच्या वतीनं 'हो' म्हणत पुढे सरकायचा. ॲपच्या लेखी हा विद्यापीठातला सर्वांत नियमित वर्ग होता. उपस्थितीचे आकडे बघून सरांना भरून यायचं.

ही सोय मुकादमनं लावली होती. तो वर्गाचा प्रतिनिधी. स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्यानं कधी काय करायचं ते ठरवायचं, म्हणून मुकादम. निबंधांची सोयही त्याचीच. ॲपवर प्रत्येकाचा निबंध नाव झाकून वर्गातल्याच तिघांकडे तपासायला जायचा. तिघांनी वीसपैकी गुण द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा. तिघांचे गुण जुळले की ते पक्के. फार फरक पडला तर निबंध सरांकडे. मुकादमनं पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर फतवा काढला: सगळ्यांनी सगळ्यांना अठरा. वीस दिले की डोळ्यांवर येतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. कुणाच्या बापाचं काय जात होतं? निबंध तरी कुठं कुणी घाम गाळून लिहीत होतं? मोबाइलला प्रश्न विचारायचा, तो जे ओकेल ते उतरवायचं, दोन शब्द इकडचे तिकडे करायचे.

वर्गात एकच मुलगी व्याख्यानं साध्या वेगानं ऐकायची. तिला मास्तरीण म्हणायचे. कँटीनबाहेरच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, कानात तारा घालून ती सरांना थांबवत थांबवत ऐकायची. एखादी गोष्ट पटली नाही की मोबाइलमधल्या सरांनाच मोठ्यानं विचारायची, "पुरावा कुठाय?" सर अर्थातच बोलत सुटायचे. ती परत मागे जाऊन ऐकायची.

तिच्या शेजारी साखर बसायची. साखर म्हणजे वर्गाची लाडकी. कुणाचा नवा शर्ट, कुणाचा रडका आवाज, कुणाच्या घरचा डबा, तिला सगळंच "कित्ती छान" वाटायचं. आईनं लहानपणीच कानमंत्र दिला होता, "गोड बोलावं बाई. जीभ आपलीच, झिजत थोडीच?" जीभ झिजली नाही हे खरं, पण इतकी वर्षं "कित्ती छान" म्हणून म्हणून पोटात जे साचलं होतं त्याला कुठूनच वाट नव्हती. ॲपनं ती करून दिली. तिथे नाव नव्हतं, समोर माणसाचं तोंड नव्हतं.

तिनं पहिल्यांदा एकाला पाच गुण दिले आणि शेरा लिहिला, 'दुसरा परिच्छेद झोपेत लिहिला आहे.' लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती त्या रात्री दोनदा जेवली. मग चटकच लागली. 'हा निबंध लेखकानं स्वतः एकदा वाचावा, म्हणजे आमच्यावर काय प्रसंग आला ते कळेल.' 'इतकं ठाम विधान, पण पुरावा कुठे आहे?' हे शेवटचं कुठून आलं याचा तिनं विचारही केला नाही. शेजारी बसून बसून ते तिच्या तोंडी बसलं होतं. बरं, तिचा स्वतःचा निबंधही मोबाइलनंच लिहिलेला असायचा आणि त्याला अठरा, अठरा, अठरा मिळायचे. त्यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दोघांचे अठरा आणि एकाचे पाच म्हटल्यावर निबंध, तपासणाऱ्यांची नावं झाकूनच, धडाधड सरांकडे जाऊ लागले. सरांनी तोवर एकही निबंध वाचला नव्हता. वाचावे लागले म्हणून ते आधी चिडले, आणि वाचल्यावर जास्त चिडले. अर्ध्या वर्गाला संगणकांच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांनी निबंध पुन्हा लिहायला लावले. मुकादम बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. सरांनी त्याला सगळ्यांसमोर 'निष्कर्ष म्हणजे काय' हे विचारलं होतं, आणि त्याला सांगता आलं नव्हतं.

"हा घरभेदी शोधायचा," त्यानं कँटीनमध्ये टेबलावर मोबाइल आपटून सांगितलं. मग एकेक शेरा वाचून दाखवायला लागला. 'पुरावा कुठे आहे?' वाचल्याबरोबर लंबू म्हणून एक उंच मुलगा होता, तो उठूनच उभा राहिला.

"अरे, हे कोण म्हणतं? सांगा, हे कोण म्हणतं?"

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. वरच्या पायरीवर मास्तरीण कानात तारा घालून, मान खाली घालून वहीत लिहीत होती. साखरेनं चहाचा कप खाली ठेवला.

"ए साखर, तू तिच्याजवळ असतेस," मुकादम म्हणाला. "तीच ना?"

एक साधं 'नाही' पुरलं असतं. साखरेचं काही गेलं नसतं. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता, येणारही नव्हता. पण शोध थांबलेला बरा, हे तिला त्या एका क्षणात कळलं.

"अरे, ती मनानं खूप चांगली आहे रे," साखर म्हणाली. "फक्त तिला ना, चुकीचं काही सहनच होत नाही."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे दोर चोरानंच वळून दिला होता, तोही गोड हसून.

"शेवटच्या निबंधाला बघतो तिला," मुकादम म्हणाला. "शून्य द्यायचं नाही. शून्य दिलं की सरांना लाल खूण दिसते. तीन द्यायचे. ज्या तिघांकडे तिचा येईल त्यांनी तीन-तीन द्यायचे. जुळले की पक्के."

"पण नाव नसतं ना. ओळखायचा कसा?" लंबूनं विचारलं.

"वाचायचा. ज्यात स्वतःचं एखादं वाक्य सापडेल, तो तिचा."

सगळे खो खो हसले. साखरही हसली.

शेवटच्या निबंधात नापास म्हणजे विषयात नापास, आणि विषय गेला की वर्ष गेलं. बाकीच्यांना वर्ष गेलं म्हणजे अजून एक वर्ष कँटीन. मास्तरिणीचं तसं नव्हतं. घरात शिकण्यासारखा मोबाइल एकच, आणि धाकटा भाऊ कॉलेजात जायचा होता. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा सुटलीस तर पुढचं कसंही करून बघू. अडकलीस तर मोबाइल त्याला आणि तू काकाच्या दुकानात." बाबा दुष्ट नव्हते. दोघांचं एकदम त्यांना झेपत नव्हतं, इतकंच. काकाचं टायरचं दुकान होतं आणि हाताखाली घरचं माणूस हवं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता.

हे सगळं तिनं साखरेलाच सांगितलं होतं, हसत हसत. "टायर विकीन गं मी. वाईट काही नाही त्यात. पण तिथे गेले की संपले मी, हे मला माहितीय."

"काहीतरीच काय बोलतेस! तू तर पहिली येशील," साखर म्हणाली होती.

निबंधाचा विषय होता, 'एका जागी बसा, बघा आणि लिहा.' अख्ख्या वर्गानं मोबाइललाच बसायला आणि बघायला सांगितलं. मास्तरीण मात्र दातांच्या दवाखान्यात गाल धरून खरोखर जाऊन बसली. रोज. शेवटी कंपाउंडरनं विचारलं, "ताई, तुमचा नक्की कुठला दात?" हे तिनं जिन्यावर सांगितलं तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. मग ती म्हणाली, "पण खोटं दुखणं घेऊन बसले, ते काही बरं नाही वाटलं. निबंधात तसं लिहिलंय मी."

तपासायचे निबंध आले त्या दुपारी साखर होस्टेलच्या खाटेवर लोळत होती. पहिला मोबाइलचा. दुसराही मोबाइलचा. तिसरा उघडला आणि ती उठून बसली.

बाकावर कोण सरकून जागा देतं आणि कोण पिशवी मांडीवर न घेता शेजारी ठेवतं, एवढ्यावरच तो निबंध होता. ज्याचा दात खरंच ठणकतोय तो कुणाशी भांडत नाही; भांडतो तो सोबत आलेला. आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेरचे अनोळखी लोक एकमेकांना सरकून जागा देतात, आणि आवाज थांबला की परत पाय पसरतात. साखरेनं तो शेवटपर्यंत वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. तिला रडू आलं. त्याच्या मागोमाग राग आला, असा की दात आवळले गेले. त्या पायरीवरच्या इतक्या दिवसांच्या गप्पांमध्ये आपल्याला असलं एकही वाक्य कधी सुचलं नव्हतं आणि सुचणारही नव्हतं, हे तिला लख्ख दिसलं.

तेवढ्यात मास्तरिणीला वगळून काढलेल्या ग्रुपवर लंबूचा निरोप पडला. 'आला माझ्याकडे. दातांचा दवाखाना. तीन दिले.' पाठोपाठ आणखी एकीचा. 'माझ्याकडे पण. तीन.' मुकादमनं विचारलं, 'तिसरा कोण?'

साखरेनं एकोणीस दिले असते तर फरक पडला असता, निबंध सरांकडे गेला असता आणि त्या दोघांचे तीन वाऱ्यावर उडाले असते. मास्तरीण सुटली असती. पण स्वतःचा निबंध कुणी स्वतः तपासत नाही, तेव्हा वर्गाला कळलं असतं की घरभेदी वेगळाच आहे, आणि पुन्हा शोध सुरू झाला असता. साखरेनं जास्त वेळ घेतला नाही. तिनं तीन दिले. ग्रुपवर लिहिलं, 'माझ्याकडेय. बिच्चारी.' खाली अंगठ्यांची रांग लागली.

शेऱ्याची जागा अजून कोरी होती. आणि तिथेच खरी भीती होती. जुळलेले गुण पक्के असले तरी विद्यार्थ्याला हरकत घेता यायची. एक बटण होतं. ते दाबलं की निबंध सरांसमोर उघडायचा, तपासणाऱ्या तिघांच्या नावांसकट, त्यांनी वर्षभर लिहिलेल्या सगळ्या शेऱ्यांसकट. लंबू काय लिहिणार? 'विषय समजला नाही.' असलं वाचून मास्तरीण हरकत घेणार म्हणजे घेणारच. तेव्हा तिनं ती घेऊ नये असा शेरा लिहायला हवा होता, आणि असा शेरा लिहिणारं वर्गात एकच माणूस होतं.

साखर संध्याकाळपर्यंत लिहीत होती. खोडत होती, पुन्हा लिहीत होती. मास्तरिणीला कुठं दुखतं ते तिला ठाऊक होतं.

निकाल लागला तेव्हा दोघी नेहमीच्या पायरीवर होत्या. मास्तरिणीनं गुण बघितले. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला, परत उचलला आणि परत बघितले.

"तीन," ती म्हणाली. "तिघांचे तीन. असं कसं गं?"

"बघू," म्हणत साखर सरकली.

"हे बघ ना. 'विषय समजला नाही.' हा दुसरा, 'अजून मेहनत हवी.' वाचलेलंच नाही ह्यांनी! मी हरकत घेते. आत्ता घेते." तिचा अंगठा बटणावर आलाच होता.

"तिसरा?" साखर म्हणाली. "तिसरा शेरा काय म्हणतोय?"

मास्तरिणीनं तो मोठ्यानं वाचायला घेतला. 'निरीक्षणं बारीक आहेत आणि भाषा स्वच्छ आहे, म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटतं. या खोलीत सगळे दुखणं घेऊन आले होते. लेखक मात्र दुखण्याचं सोंग घेऊन आला होता, आणि ते तो एका ओळीत सांगून मोकळा होतो. खरं दुखणाऱ्या माणसानं सरकून त्याला जागा दिली तेव्हा ती त्यानं घेतली. त्या जागेवर बसून त्यानं इतरांच्या माणुसकीचं मोजमाप केलं. स्वतःचं...' इथे तिनं मोठ्यानं वाचणं थांबवलं. उरलेलं तिनं मनात वाचलं, आणि वाचून झाल्यावर अंगठा बटणावरून काढला.

"तुला वाटत असेल तर घे ना हरकत," साखर हळूच म्हणाली.

"त्या दोन गाढवांवर घेतली असती. ह्याच्यावर कशी घेऊ? हा बरोबर बोलतोय." तिनं डोळे पुसले. "कोण असेल गं हा? आपल्या वर्गात कुणी इतकं मनापासून वाचतं, हे मला माहीतच नव्हतं. आधी भेटला असता तर..."

"खरंच गं," साखर म्हणाली.

मास्तरिणीनं बाबांना फोन लावला. बाबा पलीकडून मोठ्यानं बोलत होते. कुणी मुद्दाम केलं असेल, सरांना भेट, मी येऊ का, असं काहीबाही साखरेलाही ऐकू येत होतं. साखर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"नाही बाबा, तुम्ही नका येऊ," मास्तरीण म्हणाली. "अन्याय वगैरे काही नाही झालेला. एकानं अगदी नीट वाचलाय. काकाला सांगा, सोमवारपासून येते म्हणून."