बिनटपाची गाडी

गयासने स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि दाराखालच्या लाल चकचकीत भागात सरळ खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"अहो, अहो! काय करताय?" गोकुळशेठ असे मागे सरले, जणू तो त्यांच्याच बरगडीत शिरला होता.

"पत्रा कुठंय शेठ इथं? वर रंग हाय. रंगाच्या आत पुट्टी हाय. पुट्टीच्या आत अल्लाचं नाव." गयासने स्क्रू ड्रायव्हर फिरवून बाहेर ओढला. मागोमाग तपकिरी भुगा भसाभसा जमिनीवर सांडला.

गाडी दोन माणसांची, विलायती, वर टप नसलेली. गोकुळशेठचे वडील बन्सीराव यांनी ती लग्नाच्या वर्षी हैदराबादच्या एका नवाबाकडून आणली होती. लासूर स्टेशनच्या बाजारातून ते बायकोला शेजारी बसवून निघत, तेव्हा माणसे वजनकाटा सोडून बाहेर येत म्हणे. बायको चतुराबाई डोक्यावरचा पदर दातांत धरून बसायची, कारण गाडीला वर काही नव्हते आणि वाऱ्याला लाज नव्हती. आता बन्सीराव फोटोत गेले होते आणि गोकुळशेठना गाडी मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात न्यायची होती. वडिलांचे नाव म्हणून, असे ते म्हणत. त्यात स्वतःचेही थोडे नाव व्हावे एवढीच त्यांची माफक इच्छा.

"दुसऱ्या गाडीला टप धरून ठेवतो," गयास म्हणाला. "हिला वर काय हाय? आभाळ. म्हणून हिची सगळी मदार खाली, दारांखालच्या या दोन उंबऱ्यांवर. दोन्ही सडलेत. तळाचा पत्राबी गेलाय. वरून रंग मारून देऊ म्हणता, तर देतो. पण एक दिवस खड्ड्यात मधोमध मोडंल."

गोकुळशेठनी बुटाच्या टोकाने भुगा चाळवला. मग म्हणाले, "करा. सगळं नवं करा. पण बिघडता कामा नये, गयासभाई. वडिलांची गाडी हाय."

त्या दिवशी गयास घरी जेवायला गेला तो शीळ घालत. शेडच्या मागेच घर, तरी अमिनाला ती शीळ ओळखू यायला क्षणभर लागला. बरीच वर्षे तिने ती ऐकली नव्हती.

शहराच्या जिन्सी भागात त्याची डेंटिंगची शेड म्हणजे एके काळी रांग लागायची जागा. चेचलेल्या गाडीवर तो नुसता तळहात फिरवायचा आणि कुठे ठोकायचे ते हाताला कळायचे. पण आता ठोकतो कोण? कंपनीच्या वर्कशॉपात दार चेपले की दारच बदलतात, इन्शुरन्सवाला बघतो. गयासकडे यायच्या त्या विकायला काढलेल्या गाड्या. चाचा, पुट्टी भरा, रंग मारा, गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. हात सोन्याचा आणि काम पितळेला मुलामा द्यायचे. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे गंज झाकले होते, आणि याचे त्याला मनापासून वाईट वाटायचे. डोळे जायच्या आत एक गाडी तरी आतून बाहेरपर्यंत सरळ आपल्या हातून उभी राहावी, एवढे एकच त्याचे मागणे होते. नमाजात मागण्याइतके ते मोठे नव्हते, तरी तो मागायचा.

त्याने घाई केली नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाके काढली, दारे काढली. मग कापण्याआधी दोन्ही दारांच्या मोकळ्या चौकटींत आतल्या बाजूने आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड केले. मोडक्या हाताला कामट्या बांधतात तसे. उंबरा कापला की गाडीला कणाच राहत नाही. नवा बसेपर्यंत तिला त्या पाइपांनीच धरायचे. उजवा उंबरा त्याने नव्या पत्र्याचा घडवला, तीन थरांचा, आतून रंगवलेला, जिथे कोणी कधी बघणार नाही तिथेही. बसवला, दार लावून पाहिले. दार एका बोटाने ढकलले की टक्क करून बसायचे. तो टक्क आवाज ऐकायला त्याने अमिनाला दोनदा चुलीपुढून उठवून आणले.

मग डावा उंबरा कापला, आणि दसरा आला.

दसऱ्याला चतुराबाईंनी ती गाडी ओवाळायची आणि मग शेजारच्या सीटवर बसून आपट्याची पाने वाटायची, ही त्या घरची रीत. बन्सीराव होते तेव्हा गाडी अंगणात यायची. यंदा गाडी येऊ शकत नव्हती, म्हणून घरच गाडीकडे आले. गोकुळशेठ, त्यांची बायको रत्नमाला, कॉलेजात जाणारी मुलगी श्रेया आणि काठी टेकत चतुराबाई. रत्नमालाने झेंडूचा हार घातला, पण गाडीला चाकेच नव्हती, तेव्हा लिंबे कुठे ठेवायची यावर बराच खल झाला. शेवटी ती घोड्यांखाली ठेवली.

चतुराबाईंनी ओवाळले. मग त्या डाव्या बाजूला आल्या आणि चौकटीतला पाइप बघून थांबल्या.

"गयासभाई, पाइप काढा की जरा," गोकुळशेठ म्हणाले. "आईला बसू द्या."

"शेठ, या बाजूचा उंबरा कापलाय. आता पाइपच हाय तिला."

"पाच मिनिटांनी काय व्हतंय?"

"राहू दे रं गोकुळ," चतुराबाई म्हणाल्या. "मी हितं स्टुलावर बसते. त्याचं काम अडवू नको." आणि त्यांनी कुंकवाचे बोट पाइपालाच टेकवले. "गयास, बाळा, लई मन लावून करायलास रे तू."

त्या नुसत्या हट्टाला पेटल्या असत्या तर गयास हलला नसता. गोकुळशेठ ओरडले असते तरी नसता. पण बन्सीरावांच्या वेळी दसऱ्याला गाडी धुऊन द्यायला तो लासूरला जायचा, तेव्हा हीच बाई त्याला पंक्तीत बसवून वाढायची. तिच्यासमोर तिचीच जागा आपण बंद करून ठेवली आहे, याची त्याला शरम वाटली. माणसाची अक्कल जाते ती अशा वेळी.

"थांबा माय," तो म्हणाला. "कायतरी करतो."

त्याने गाडीच्या पोटाखाली फळी टाकून जॅक लावला, वर ताणला, हाताने दाबून पाहिले. मग ग्राइंडर घेतला आणि डावीकडचा पाइप कापला. ठिणग्या हारावर उडाल्या. चतुराबाईंना त्याने स्वतः हात देऊन बसवले. त्यांनी पदर सारखा केला, सवयीने त्याचे टोक दातांत धरले आणि हसल्या. त्या क्षणी गयासला वाटले, केले ते बरे केले.

"आई, हालू नको. फोटो!" असे म्हणत गोकुळशेठ पलीकडून पाइपावरून तंगडी टाकून ड्रायव्हरच्या सीटवर धपकन बसले. अंगाने माणूस भरदार. सेल्फीला मोबाइल पुढे धरून श्रेया मागच्या झाकणावर चढली, आणि तिच्या शेजारी रत्नमाला.

"शेठ, नका! उतरा!" गयास ओरडला.

शेडची जमीन मातीची. जॅक फळीसकट एका बाजूला खचला. मोठा आवाज झालाच नाही. वाळलेली काडी मोडावी तेवढाच झाला. फोटोत सगळे हसताना आले.

माणसे गेल्यावर गयासने डावे दार चौकटीत धरून पाहिले. ते वर घासत होते. जिथे बोट जायला हवे तिथे नख जाईना. गाडी मधून वाकली होती. तो तसाच दार धरून उभा राहिला. अमिना चहा घेऊन आली, तिने चौकट पाहिली आणि चहा खाली ठेवला.

"कायकू काट्या तुम पाइप?" ती म्हणाली.

गयासने वाकलेल्या चौकटीवरून तळहात फिरवला.

वाकली होती, पण मेली नव्हती. मधून हळूहळू उचलायची, रोज थोडी, पुन्हा पाइप बांधायचे, मग उंबरा बसवायचा. ते त्याच्या हातात होते. फक्त वेळ हवा होता. गोकुळशेठना निरोप धाडला. ते आले, सोबत आईही आली. दवाखान्यातून परत जाताना थांबले होते.

गयासने दार लावून दाखवले. काही लपवले नाही. "महिना द्या शेठ. व्हती तशी सरळ करून देतो."

"म्हंजे मोडली तुम्ही." गोकुळशेठचा आवाज चढला. शेजारच्या गॅरेजमधली माणसे दारात येऊन उभी राहिली. "मी पहिल्याच दिवशी बोललो व्हतो, बिघडता कामा नये. आता मेळ्याला काय नेऊ, हे?"

"त्या दिवशी पाइप कापला ना शेठ, आणि सगळे बसले—"

"कुणी कापला? मी कापला? ग्राइंडर कुणाच्या हातात व्हता?"

गयासने चतुराबाईंकडे पाहिले. त्या बाहेर उभ्या असलेल्या कारच्या उघड्या दारात बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. सगळे त्यांच्यासमोर घडले होते. एक शब्द पुरला असता. गोकुळशेठ कसेही असोत, आईचा शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. पण मुलाच्या घरात राहणारी बाई मुलाला चारचौघांत खोटा कशी पाडील? चतुराबाईंनी पिशवीचे बंद आवळले.

"चल गोकुळ," त्या म्हणाल्या. "गोळ्यांची येळ झाली."

दोन दिवसांनी ट्रक आला. गाडी पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या वर्कशॉपात गेली. अमिना दिवसभर भांडी आपटत होती. "माय म्हणे, माय! मायच्या तोंडाला कुलूप लागलं व्हतं का?" गयास तिला गप्प बस म्हणाला, पण त्याच्या मनातही तेच होते. पुण्याच्या वर्कशॉपाने गाडीला नुसते पाहूनच हात जोडले, असे पुढे कानावर आले. आणि गोकुळशेठनी जिथे बसतील तिथे सांगितले, जिन्सीच्या गयासने वडिलांची गाडी मोडली. गावात नाव व्हायला चाळीस वर्षे लागतात, जायला एक दसरा पुरतो.

पुट्टीचीही कामे आटली. पत्रा वाकवण्याशिवाय दुसरे काही येत नव्हते, म्हणून तो कूलरचे सांगाडे करू लागला. चार बाजू, तीन जाळ्या, खाली टाकी. कुठला कोन थोडा चुकला तरी गिऱ्हाईक बघत नाही. उन्हाळ्यात माल जातो.

चैत्रात कूलरच्या ठेकेदाराने त्याला टेम्पोबरोबर बीड बायपासवर एका मंगल कार्यालयात पाठवले, मोठे कूलर बसवायला. लॉन गोकुळशेठचे आहे हे त्याला फाटकातून आत गेल्यावर कळले. हिरवळीच्या मधोमध सिमेंटच्या ओट्यावर ती लाल गाडी उभी होती. चाके ओट्यात गाडलेली, बॉनेटवर प्लॅस्टिकची फुले. डावे दार उघडत नाही म्हणून चौकटीला वेल्ड करून टाकले होते आणि फटीत पुट्टी भरून वर रंग मारला होता. लांबून कळतही नव्हते. काम सफाईदार होते, अगदी तो स्वतः करायचा तसे.

"हात नका लावू चाचा," वॉचमन म्हणाला. "लई महागडी गाडी व्हती. एका येड्या डेंटरनं वाट लावली, म्हणून हितं ठेवलीय."

मागे मांडवाच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चतुराबाई बसल्या होत्या. त्यांनी ऐकले होते. वॉचमन फाटकाकडे गेल्यावर त्यांनी काठीने गयासला जवळ बोलावले.

"बरा हायेस का?"

"बरा हाय, माय."

त्यांनी वेल्ड केलेल्या डाव्या दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तवा मी एक शब्द बोलले असते, तर गाडी तुझ्यापाशी ऱ्हायली असती का रे?"

राहिली असती. दार टक्क करून लागले असते. गयासने हे इतक्या वेळा मनात घोळवले होते की त्याला उत्तर शोधावे लागले नाही. म्हातारीचे डोळे त्याच्या तोंडावर लागले होते.

"नाय माय," तो म्हणाला. "शेठनं ठरवलंच व्हतं. तुमच्या बोलण्यानं काय व्हणार व्हतं?"

"मंग बरं." चतुराबाईंनी श्वास सोडला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "मला उगंच रोज वाटायचं."

तिने इतक्या झटकन खरे मानावे, याचा गयासला संताप आला. तरी त्याने कूलरच्या टाकीत पाणी भरले, बटण दाबले, जाळीच्या पट्ट्या म्हातारीच्या खुर्चीकडे वळवल्या. वारा तिच्या पदरापर्यंत पोचतो का ते एकदा पाहिले, आणि टेम्पोत जाऊन बसला.