बार्बाच्या खिशातलं लिंबू

"हल्लीच्या पोरांना काम नको, नुसती मजा हवी." हे वाक्य कधी ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर स्वतः म्हटलं नाही असा तर त्याहून नाही. आमच्या काश्टेल या समुद्रकाठच्या गावात, शिडं शिवणाऱ्या यास्नाच्या कारखान्यात, हे वाक्य बेपोच्या तोंडून दिवसातून दोनदा तरी निघायचं. एकदा सकाळी कोणी रेडिओ लावला की, आणि एकदा कोणी हसलं की.

बेपो त्रेसष्ट वर्षांचा. सगळा कारखाना त्याला बार्बा म्हणतो, म्हणजे काका. त्याचा हात असा, की तागा जमिनीवर पसरावा, त्यानं गुडघ्यांवर रांगत एक पेन्सिलीची रेघ ओढावी, आणि त्या रेघेवर कापलेलं शीड वाऱ्यात आपण होऊन फुगावं. माप नजरेचं, यंत्र कसलंच नाही. एक्केचाळीस वर्षं ही रेघ तो काढत होता आणि ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती. माणसाचं मोठेपण मान्यच करायला हवं, ते मी करतो. पण एक्केचाळीस वर्षांत त्यानं ऐकलेला शब्द बहुधा "वा" एवढाच होता, आणि तेवढाच ऐकण्याची कानांना सवय झाली होती.

त्याच्या हाताखाली निका होती. चोवीस वर्षांची, बोलायला फटकळ आणि शिलाईला इतकी सरळ की बेपोलाही खोड काढता येत नसे. रेघ पुढे कोणाला द्यायची तर हिलाच, हे त्यानं मनाशी ठरवलेलं होतं. तिला मात्र अवाक्षरानंही सांगितलेलं नव्हतं. तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात, हा त्याचा दुसरा सिद्धान्त.

वडिलांच्या मागे कारखाना चालवणाऱ्या यास्नानं वसंतात सगळ्यांना विचारलं, कामावर यावंसं वाटायला तुम्हाला काय हवं ते कागदावर लिहून द्या. कोणी बरी खुर्ची मागितली, कोणी शुक्रवारी लवकर सुटका मागितली. पगाराचं निकानं काहीच लिहिलं नाही. तिच्या कागदावर एकच ओळ होती: महिन्यातून एक सकाळ, आम्ही शिवलेल्या शिडाबरोबर समुद्रावर जायचं आहे.

बेपो भडकला. आज होडीत फिरायचं म्हणतात, उद्या आइसक्रीम मागतील, परवा झोपाळा टांगा म्हणतील, असं त्यानं यास्नाला ऐकवलं. आम्ही गुडघे झिजवले तेव्हा आम्हाला काय हवं ते कोणी विचारलं होतं? यास्नानं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बार्बा, या कामाचे प्रमुख तुम्ही आहात. तुमचा होकार असेल तरच पोरं जातील. पण एक सांगते. निकाला डेन्मार्कच्या कारखान्यातून नोकरीचं पत्र आलंय. महिनाअखेर तिनं उत्तर द्यायचंय. ती गेली तर तुमच्यानंतर इथं शिडं कापणं बंद. मी तयार शिडं बाहेरून मागवीन, इथं फक्त ठिगळं लावीन."

"मग जाऊ दे," बेपो म्हणाला. म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याची रेघ दोनदा पुसावी लागली.

घरी त्याची बायको लुत्से ओट्यावर पालक निवडत होती. बेपोनं सगळी हकीकत तिला सांगितली, अर्थात स्वतःच्या बाजूनं. ती देठ मोडत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं, "चौऱ्यांशी साली, तू शिडांकडे येण्याआधी, तुम्ही गोदीतली माणसं तीन दिवस काम सोडून उलट्या होडीवर का बसला होतात?"

"मरेंदासाठी. तुला माहीत आहे की."

मरेंदा म्हणजे आमच्याकडची दहाची न्याहारी. एका टोपातली घेवड्याची उसळ, तळलेल्या बारीक मासळ्या, पाणी घातलेली वाइन, आणि भोवती दहाबारा माणसं. साहेबानं अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केली म्हणून गोदी बंद पडली होती.

"भूक पंधरा मिनिटांत भागते, बेपो. उरलेली पंधरा मिनिटं कशाला हवी होती? एकमेकांची टिंगल करायला, गाणी म्हणायला. तिला तुम्ही मजा म्हणाला नाहीत, हक्क म्हणालात, एवढंच. आणि आपली भेट कुठं झाली? गोदीनं कामगारांसाठी ह्वार बेटावर बांधलेल्या विश्रामगृहाच्या वाटेवर. सात दिवस फुकट पोहणं, रात्री नाच. ते काय काम होतं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

लुत्सेनं चाळणी बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणला. "आणि खरं सांग. तुला त्यांच्या मजेचं वावडं नाही. तुला पोटाची भीती आहे."

आता वाचकहो, गुपित फोडायलाच हवं. समुद्राच्या काठी जन्मलेल्या, शिडांवर आयुष्य काढलेल्या या माणसाला होडी लागते! बंदराबाहेर पडलं की त्याच्या पोटात ढवळतं. ह्वारला जाणाऱ्या जहाजावरच कठड्याशी वाकलेल्या या पोराला विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला निघालेल्या लुत्सेनं नाकाशी लिंबू धरून सावरलं होतं. परतीचा प्रवास कसाबसा उरकला, त्यानंतर तो पुन्हा होडीत चढला नाही. "माझं काम जमिनीवर," असं तो म्हणे, आणि लोकांना तो मोठेपणा वाटे. एक्केचाळीस वर्षं आपल्या हातची शिडं त्यानं फक्त किनाऱ्यावरून, नखाएवढी होताना पाहिली. आमच्या किनाऱ्यावर चोरी करणाऱ्याला लोक माफ करतील, होडी लागणाऱ्याला करणार नाहीत. म्हणून त्यानं ते झाकलं, आणि झाकता झाकता पोरांच्या आनंदावर पाय दिला.

लुत्सेनं परड्यातलं एक लिंबू तोडून त्याच्या कोटाच्या खिशात घातलं आणि पुन्हा पालकाकडे वळली.

शुक्रवारी गावातल्या दातांच्या डॉक्टरांच्या होडीवर नवं शीड चढणार होतं, आणि या एका खेपेला पोरांनी बरोबर जावं असं बेपोनं यास्नाला कळवलं होतं. आधीच्या शिडाची मागची कड वरच्या बाजूला फडफडते अशी या डॉक्टरांची तक्रार होती. निकानंही एकदा दबक्या आवाजात तेच सांगितलं होतं; रविवारी मैत्रिणीच्या होडीवरच्या बेपोच्याच शिडात तिनं ते पाहिलं होतं. "डॉक्टरनं दात ओढावेत, दोर ओढणं त्याला जमायचं नाही," असं म्हणून बेपोनं दोघांनाही उडवून लावलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्या सकाळी पोरं आपली वाट पाहत नाहीत हे माहीत असूनही बेपो धक्क्यावर उभा राहिला. निका आणि तिचा कारखान्यातला जोडीदार लोव्रे शीड चढवत होते, डॉक्टर सुकाणूशी बसले होते. "जागा आहे का?" एवढंच त्यानं विचारलं. निका थक्क झाली, पण तिनं हात पुढे केला.

बंदर मागे पडलं आणि बेपोचा चेहरा बदलला. आधी पांढरा, मग हिरवा. अकराच्या सुमाराला समुद्राकडून येणारा मायस्त्राल वारा सुटला, होडी कलली आणि बार्बानं कठड्यावर वाकून सकाळची कॉफी समुद्राला अर्पण केली. लोव्रेला हसू आवरेना. निकानं त्याला डोळ्यांनी दटावलं, आणि बेपोच्या खिशातून डोकावणारं लिंबू काढून, चिरून त्याच्या नाकाशी धरलं. "बार्बा, वर बघा," ती म्हणाली. "खाली बघू नका. शिडाकडे बघा."

बेपोनं मान वर केली.

त्याचं शीड! जमिनीवर मेल्यासारखं पसरलेलं कापड त्यानं हजारदा पाहिलं होतं. हे जिवंत होतं. त्याच्या रेघेत वारा भरला होता, आणि त्या कापडाच्या जोरावर चार माणसांची होडी पाणी कापत निघाली होती. त्याचे डोळे भरून आले, त्यानं ते पुसलेही नाहीत. आणि तसंच पाहता पाहता त्याला दिसलं: मागच्या कडेला, वरच्या एकतृतीयांश भागात, कापड फडफडत होतं. दोर नीट ताणलेला होता. डॉक्टरांचा काही दोष नव्हता.

"रेघ चुकली आहे," बेपो म्हणाला. "बोटभर कापड जास्त सोडतोय मी. किती वर्षं, देव जाणे. तू सांगितलं होतंस, पोरी. मी ऐकलं नाही."

निकानं पिशवीतून पाव आणि मासळ्या काढल्या, कारण दहाची मरेंदा राहूनच गेली होती. बार्बाला घास जाईना, पण त्यांच्यात बसून त्यानं गोदीतल्या उलट्या होडीची गोष्ट सांगितली, ती आजवर त्यानं कोणाला सांगितली नव्हती.

सोमवारी तागा पसरला गेला. बेपो गुडघ्यांवर बसला, शिडाच्या वरच्या एकतृतीयांश भागापर्यंत आला आणि थांबला. त्यानं पेन्सिल निकापुढे धरली. "इथून तू काढ. तू आधीपासून पाहिलंयस, मी एकदाच पाहिलंय." निकानं रेघ सरळ टोकापर्यंत नेली. ती संपल्यावर बेपो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वा."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आता सगळा कारखाना होडीवर असतो. दुरुस्तीला शिडं परत येण्याचं प्रमाण घटलंय, असं यास्ना सांगते. डेन्मार्कला निकानं नकार कळवला. कारण काय लिहिलंस, असं बेपोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहिलं की आमच्या बार्बाला होडी लागते, लिंबू धरायला कोणीतरी हवं."

मित्रहो, प्रत्येक पिढीनं कामात आपला आनंद मागितलेला आहे. आपण मागितला तो हक्क आणि पोरांनी मागितला ते चोचले, असं म्हणणं बरं नव्हे. तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या पोरानं काही वेगळं मागितलं, तर नाही म्हणण्याआधी ते एकदा त्याच्याबरोबर करून पाहा. पोटात ढवळेल, चारचौघांत हसंही होईल. पण आपण जन्मभर केलेलं काम वाऱ्यावर कसं दिसतं, ते कदाचित त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. खिशात एक लिंबू असू द्या म्हणजे झालं.