बावळटाचं सोंग

शनिवारी दुपारी दोन वाजता नेव्हिल थॅकरे बावळट व्हायला घराबाहेर पडायचा. चार वर्षं हेच चाललं होतं. त्याला त्याचा मनापासून कंटाळा आला होता, पण कंटाळा आला म्हणून कोणी कामावर जायचं सोडत नाही, आणि पाठ दुखावून कामातून गेल्यापासून नेव्हिलला दुसरं काम नव्हतं.

कामही असं, की चारचौघांत सांगायची सोय नाही. बुकी लोक गिऱ्हाइकाला नादी लावायला फुकट पैजा वाटतात. नेव्हिल अशी पैज घ्यायचा, एका टीमवर लावायचा आणि लगेच फोनवरच्या दुसऱ्या बाजारात त्याच टीमच्या विरुद्ध लावायचा. कोणीही जिंको, एका हाताचं दुसऱ्या हातात यायचं आणि फुकटातले चार पैसे उरायचे. महिन्याला तीनेकशे पौंड सुटत. त्यात गॅसचं बिल भागे आणि वर्षातून एकदा हिलरीला, म्हणजे बायकोला, तेनेरिफ बेटावरच्या उन्हात आठ दिवस बसवता येई. यात चोरी नव्हती. पण बुकीला हरणारं गिऱ्हाईक लागतं. कधीच न हरणारा माणूस सापडला की ते त्याला हाकलत नाहीत, नुसती त्याची पैज कापतात. आजपासून तुम्हाला जास्तीत जास्त पन्नास पेन्स लावता येतील, असं गोड पत्र येतं आणि खातं मेल्यात जमा होतं.

नेव्हिलची अशी सात खाती मेली होती. आठवं उरलं होतं ते गार्साइड्सचं, बाजारपेठेतल्या दुकानाचं. ते जिवंत ठेवायचं तर बुकीला पटलं पाहिजे की हा इसम मूर्ख आहे. म्हणून नेव्हिल दर शनिवारी स्वतः दुकानात जायचा आणि गावच्या फुटबॉल टीमवर वीस पौंड लावायचा. एकोणीस पौंड सदतीस पेन्स असला हिशेबी आकडा कधी नाही, सरळ वीसची नोट. टीम अशी, की तिच्यावर शहाण्या माणसाने बसचं तिकीटही लावू नये. घरून निघण्यापूर्वी तो फोनवर उलटी पैज लावून मोकळा झालेला असायचा, त्यामुळे सोंगाचा खर्च फार तर सव्वा पौंड. मग तिथे बसून पाच वाजेपर्यंत ओरडायचं, गोल खाल्ला की डोकं धरायचं, रेफरीच्या आईचा उद्धार करायचा. पाठीला कळ लागायची ती तेवढी खरी.

शेजारच्या खुर्चीवर सिरिल ओल्डरॉइड असायचे. वय अठ्ठ्याहत्तर, नेव्हिलच्या वडिलांबरोबर खाणीत होते, कानांनी अधू आणि तोंडाने खणखणीत. नेव्हिलला मासे धरायला त्यांनीच शिकवलं होतं आणि तो अजून त्यांना काका म्हणायचा. बायको मेविस गेल्यापासून ते दुकानात ऊब मिळते म्हणून येत, घोड्यांवर पन्नास पेन्स लावत आणि कस्टर्डची बिस्किटं खात. नेव्हिल ओरडला की तेही ओरडत. ते शेजारी असले की सोंग जास्त खरं वाटतं, हे नेव्हिलच्या लक्षात आलं होतं, आणि त्याबद्दल त्याला बरंच वाटायचं.

मार्चमधल्या एका शनिवारी टीम तीन गोलांनी हरली. काका चष्मा खुर्चीवर विसरून बाथरूमला गेले. चष्म्याखाली त्यांची पावती होती. नेव्हिलने सहज पाहिली आणि पुन्हा एकदा वाचली. गावची टीम, वीस पौंड.

बाहेर पडल्यावर त्याने विचारलं, ही एवढी मोठी पैज कधीपासून? काकांनी डोळा मारला. ऑगस्टपासून, ते म्हणाले. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. नेव्हिल दर आठवड्याला हरतो, तरी घरात नवा बॉयलर येतो आणि बायको तेनेरिफला जाऊन काळी होऊन येते. म्हणजे पोराला आतली काहीतरी खबर आहे आणि तो मोठ्या दिवसाची वाट बघतोय. तो दिवस आला की आपणही बरोबर असावं, एवढंच. नेव्हिलने विचारलं, पैसे कुठले?

"मेविसच्या दगडाचे," काका रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तिच्या थडग्यावर अजून लाकडी फळीच आहे की नाही? साधा दगड घेणार होतो. म्हटलं, तू आहेस तर जरा चांगला घेऊ. काळा, सोनेरी अक्षरांचा."

मधे दोनदा टीम चुकून जिंकली होती, ते धरूनही सव्वापाचशे पौंड गेले होते.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नेव्हिलने सांगितलं नाही. काकांच्या पोटात काही राहत नाही. यांना सांगितलं तर पुढच्या शनिवारी ते काउंटरवर पैजा घेणाऱ्या नोरीनसमोर भोंगा लावल्यासारखं बोलणार, की नेव्हिल म्हणे दोन्हीकडून लावतो! आणि खातं गेलं. घरी त्याने हिलरीला सांगितलं. तिने बटाटे सोलता सोलता मान वर केली आणि म्हणाली, सांगून टाक, म्हातारा बायकोचा दगड उडवतोय. नेव्हिल म्हणाला, बघतो. हिलरीने पुन्हा विषय काढला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या शनिवारी त्याने आडून सांगून पाहिलं. या वेळी माझं मन काही सांगत नाही, काका, तुम्ही राहू द्या. काका गालातल्या गालात हसले. एकट्याने खायचा बेत दिसतो, म्हणाले, आणि नोरीनला हाक मारून त्यांनी वीसची नोट सरकवली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. दोन शनिवार, चाळीस पौंड, आणि नेव्हिल मूग गिळून बसला होता. या दोन शनिवारांची लाज त्याला नंतर पुष्कळ दिवस पुरली.

शेवटी एका मंगळवारी सकाळी तो त्यांच्या घरी गेला. काकांनी चहा ठेवला, मेविसच्या जागेवर त्याला बसवलं. नेव्हिलने टेबलावर फोन ठेवला आणि सगळं उलगडून दाखवलं. इकडे लावलेले वीस, तिकडे उलटे लावलेले, दर शनिवारी, एकही शनिवार न चुकवता. काकांनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. पैशांबद्दल ते बोललेच नाहीत.

"म्हणजे तू ओरडायचास, ते?"

"खोटं, काका. दुकानवाल्यांना दिसावं म्हणून."

"डोकं धरून बसायचास ते?"

नेव्हिलने मान हलवली.

"आणि टीम जिंकली असती तर?"

"तरी मला काही फरक पडला नसता."

काकांनी चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला. त्यांचा आवाज इतका खाली नेव्हिलने आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"पोरा, मला वाटायचं आपण दोघं मिळून हरतोय."

नेव्हिलने खिशातून कागदी पाकीट काढलं. त्यात पाचशे पासष्ट पौंड होते. घरात होते नव्हते तेवढे. काकांनी नको म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत. पाकीट मेविसच्या फोटोमागे ठेवलं आणि म्हणाले, तिचे होते, तिला मिळाले. मग उठून दार उघडलं. नेव्हिलचा चहा अर्धा राहिला होता.

त्या शनिवारी काका दुकानात आले नाहीत. नेव्हिल एकटाच ओरडला. पुढच्याही शनिवारी खुर्ची मोकळीच होती. नेव्हिलला आतून थोडं हायसंही वाटलं, खोटं कशाला बोला. काका कुठे बोलले नव्हते, खातं शाबूत होतं.

तिसऱ्या शनिवारी त्याने वीसची नोट पुढे केली आणि नेहमीसारखं खात्याचं कार्ड दिलं, तर नोरीनने ती नोट परत सरकवली. नोरीन त्या काउंटरवर एकोणीस वर्षं होती आणि लहानथोर सगळ्यांना राजा म्हणायची.

"पन्नास पेन्स, राजा. आजपासून तेवढेच."

काकांनी सांगितलं का, हा पहिला विचार नेव्हिलच्या मनात आला आणि तो तोंडातूनही निघाला. नोरीनने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"सिरिल? सिरिल कशाला सांगतील? तुझं नाव दीड वर्षापासून न हरणाऱ्यांच्या यादीत आहे. तू कुठे उलटं लावतोस ते मोठ्या ऑफिसात बसून कळतं त्यांना. तुझ्या ओरडण्याला कोण विचारतो?"

"मग इतके दिवस चालू कसं ठेवलंत?"

नोरीनने मागे पाहिलं. मॅनेजर आतल्या खोलीत होता.

"ऑगस्टातच कापणार होते. मग म्हातारा तुझ्यामागे वीस वीस लावायला लागला. साहेब म्हणाले, राहू दे याला, हा आला की तो येतो. आता ते येत नाहीत, तर तुझं काय काम?"

ती हे दुष्टपणे बोलली नाही. उलट जरा जपूनच बोलली, डॉक्टरकडची नर्स बोलते तसं. नेव्हिल नोट हातात धरून उभा राहिला. चार वर्षांचं सोंग. डोकं धरणं, वीसच्या सरळ नोटा, शिव्या, एकानेही खातं वाचवलं नव्हतं. खातं वाचवलं होतं मेविसच्या दगडाने. तो एकटाच काय तो फसवत होता, आणि फसले होते फक्त सिरिलकाका.

मागे कोणीतरी खाकरलं. नोरीनने विचारलं, मग लावतोस की जातोस? त्याने खिसे चाचपले, पन्नास पेन्सचं नाणं काढलं आणि गावच्या टीमवर लावलं. फोन काढला नाही. पन्नास पेन्सची उलटी पैज कोणी लावत नाही, हे खरंच, पण लावता आली असती तरी त्या दिवशी त्याने लावली नसती.

तो आपल्या जागी जाऊन बसला. तिसऱ्या मिनिटाला गावच्या टीमने गोल केला आणि नेव्हिल खुर्चीवरून अर्धा उठला. मध्यंतरापर्यंत ते पुढे होते. मग एक गोल आला, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला दुसरा, तोही आपल्याच गड्याच्या गुडघ्याला लागून. दुकानात कोणीतरी हसलं. नेव्हिल ओरडला नाही. त्याने डोकं धरलं नाही. पन्नास पेन्स गेले होते आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, अगदी दहा वर्षांच्या पोरासारखं. सवयीने तो बाजूला वळला, "बघितलंत का, काका?" असं म्हणायला.

खुर्चीवर कोणाचा तरी ओला कोट वाळत टाकलेला होता.